गाव जाळून देश बांधता येतो का? मिझो टेकड्यांतल्या 'ग्रुपिंग'ची चिकित्सा

(व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या विषयात 'पुनर्वसन' हा शब्द आहे आणि तो मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसं आज रायगड, ठाणे, सोलापूर अशी पांगलेली आहेत. नंदुरबारकडची तेहतीस गावं सरदार सरोवरात गेली. मुळशीचा सत्याग्रह तर १९२१ सालचा. त्यामुळे 'धरणग्रस्त' हा शब्द आपल्याकडे रेशनकार्डाइतका ओळखीचा आहे. धरणामुळे गाव उठतं तेव्हा निदान कारण समोर दिसतं. पाणी येणार असतं म्हणून माणसं हलतात. त्या कारणावर वाद घालता येतो, मोबदल्यासाठी भांडता येतं, मोर्चा काढता येतो.

आज मी बोलणार आहे ते दुसऱ्या जातीच्या पुनर्वसनाबद्दल. इथे पाणी येणार नव्हतं, खाणही निघणार नव्हती. गाव हलवायचं होतं ते गावातली माणसं सरकारच्या नजरेच्या टप्प्यात यावीत म्हणून. एकदा ती रस्त्याच्या कडेला, कुंपणाच्या आत आली की हळूहळू 'आपली' होतील, देशाची होतील, असा त्यामागचा विश्वास होता. जगात हा प्रयोग अनेक सरकारांनी केला. आपल्या सरकारनेही केला, १९६७ ते १९७० या काळात, मिझो टेकड्यांमध्ये. तिथली माणसं त्याला 'खॉखॉम' म्हणतात, म्हणजे गावं एकत्र गोळा करणं. सरकारी भाषेत तो झाला 'ग्रुपिंग'. आज या 'ग्रुपिंग'ची चिकित्सा करायची आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. आजचा मिझोराम त्या वेळी आसाम राज्यातला एक जिल्हा होता. १९६१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या होती २,६६,०६३. आपल्याकडच्या एका मध्यम शहराएवढी म्हणा. ही माणसं डोंगरमाथ्यांवरच्या साडेसातशेहून अधिक गावांत विखुरलेली होती. शेती झूम पद्धतीची. आपल्या कोकणात, गोव्यात जिला कुमरी म्हणत, तशी. उतारावरचं जंगल तोडायचं, वाळवायचं, जाळायचं, पावसाआधी बी टाकायचं, एक-दोन वर्षं पीक घ्यायचं आणि ती जागा पुन्हा जंगलाला सोडून पुढच्या उतारावर जायचं. काही वर्षांनी फिरून तिथेच परत यायचं. म्हणजे मिझो गाव केवळ घरांच्या जागेपुरतं नसतं. घरांभोवती दूरवर पसरलेली, पाळीपाळीने कसायची आणि विश्रांतीला सोडायची सगळी जमीन मिळून गाव होतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट राजकारणाची. आपल्याकडे असा समज असतो की मिझो लोक पहिल्यापासून फुटीर होते. तसं नाही. १९४६ साली 'मिझो युनियन' हा पक्ष निघाला. तो सामान्य माणसांचा पक्ष होता आणि त्याचं भांडण होतं ते गावोगावच्या वंशपरंपरागत सरदारांशी. या पक्षाने भारतात राहण्याची बाजू घेतली. १९५२ मध्ये जिल्हा परिषद आली, म्हणजे सहाव्या अनुसूचीखालची स्वायत्त परिषद, आणि तिच्या निवडणुकीत याच पक्षाने बहुमत मिळवलं. १९५४ मध्ये कायदा करून सरदारांचे हक्क काढून घेतले. सरदार गेला आणि त्याच्या जागी निवडून आलेली ग्रामपरिषद आली. म्हणजे बघा, राष्ट्रबांधणी म्हणतात ती तिथे सुरू झालेली होती. ती दिल्लीने पाठवलेली नव्हती, गावाने स्वतः हातात घेतलेली होती.

मग बिघडलं कुठे? १९५९ साली बांबू फुलला. तिकडे याला 'माउताम' म्हणतात. साधारण अठ्ठेचाळीस-पन्नास वर्षांनी एका जातीचा बांबू सगळीकडे एकाच वेळी फुलतो, त्याच्या बियांवर उंदरांची पैदास वाढते आणि बिया संपल्या की उंदीर शेतावर आणि कोठारांवर तुटून पडतात. म्हाताऱ्या माणसांना हे माहीत होतं. जिल्हा परिषदेने आसाम सरकारला आधीच सावध केलं होतं, मदत मागितली होती. सरकारने ते मनावर घेतलं नाही. दुष्काळ पडला. लोकांना धान्य पोहोचवायला ज्या स्वयंसेवी संघटना धावल्या त्यांतली एक होती 'मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट', दुष्काळ निवारणासाठी निघालेली. ऑक्टोबर १९६१ मध्ये तिच्या नावातला 'फॅमिन' गळाला आणि उरला 'मिझो नॅशनल फ्रंट'. नेते लालडेंगा. दरम्यान १९६० मध्ये आसामने असमिया ही राजभाषा केली होती, त्याचाही राग होताच.

२८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री फ्रंटने जिल्ह्यातल्या सरकारी ठाण्यांवर एकाच वेळी हल्ले केले आणि १ मार्चला स्वातंत्र्य जाहीर केलं. ५ मार्चला भारतीय वायुसेनेच्या विमानांनी ऐझॉलवर हल्ला केला. आपल्याच देशातल्या एका गावावर आपल्याच विमानांनी. सरकारची जाहीर भूमिका अशी होती की विमानं माणसं आणि रसद टाकायला गेली होती. ज्यांची घरं जळली त्यांनी काय पाहिलं ते त्यांना माहीत होतं. सैन्याने शहरं परत घेतली. सशस्त्र तरुण जंगलात, गावांत आणि सीमेपलीकडे पूर्व पाकिस्तानात गेले. प्रश्न उरला तो विखुरलेल्या गावांचा. बंडखोर रात्री गावात येत, तांदूळ नेत, वर्गणी गोळा करत, खबऱ्या म्हणून संशय आला तर जीवही घेत. सकाळी सैन्य येई आणि तांदूळ कोणाला दिला म्हणून विचारी. गावकरी दोन्हीकडून भरडला जात होता. हे मुद्दाम सांगतो. फ्रंटला हुतात्मा आणि सैन्याला राक्षस ठरवण्यासाठी मी इथे उभा नाही.

या प्रश्नावर काढलेला तोडगा म्हणजे ग्रुपिंग. जानेवारी १९६७ च्या पहिल्या आठवड्यात सुरुवात झाली. वैरेंगतेहून ऐझॉलमार्गे लुंगलेईला जाणारा जो एकमेव मुख्य रस्ता, त्याच्या कडेला अठरा केंद्रं आखली आणि दोन्ही बाजूंची शंभराहून जास्त गावं काही आठवड्यांत उठवून तिथे आणली. सुमारे बावन्न हजार माणसं. ही झाली पहिली फेरी. नंतर आणखी फेऱ्या झाल्या. व्ही. एस. जाफा हे त्या भागात काम केलेले सनदी अधिकारी, पुढे आसामचे मुख्य सचिव झाले. त्यांनी नंतर लिहिलेल्या लेखात एकूण हिशेब दिला आहे. ७६४ गावांपैकी ५१६ गावं रिकामी करून माणसं ११० केंद्रांत कोंबली, आणि हात न लागलेली गावं उरली फक्त १३८. बेरीज करून बघा, ५१६ अधिक ११० अधिक १३८, बरोबर ७६४. जिल्ह्यातली साधारण चार-पंचमांश माणसं आपल्या गावाबाहेर किंवा अनोळखी गर्दीत गेली. मोजक्या लोकांवर केलेली ही कारवाई नव्हती, अख्ख्या समाजाचीच जागा बदलली.

या योजनेची नावं नीट ऐकावीत असा माझा आग्रह आहे. पहिल्या फेरीचं नाव 'प्रोटेक्टेड अँड प्रोग्रेसिव्ह व्हिलेजेस', म्हणजे संरक्षित आणि प्रगतिशील गावं. पुढचं 'न्यू ग्रुपिंग सेंटर्स'. त्यानंतर 'व्हॉलंटरी ग्रुपिंग सेंटर्स', म्हणजे स्वेच्छेची केंद्रं. आणि शेवटी 'एक्स्टेंडेड लूप एरियाज'. पहिल्या नावात दोन विशेषणं आहेत आणि दोन्ही एकाच कुंपणाला लावलेली आहेत. संरक्षित कोणापासून? बंडखोरांपासून. मग रात्रीची संचारबंदी, येता-जाता दाखवायचा परवाना, ओळखपत्र, हजेरी, मोजून मिळणारं रेशन हे कोणासाठी? बंडखोर तर कुंपणाबाहेर होता. संरक्षण ज्याचं करायचं त्याच्यावरच पहारा बसला. 'प्रगतिशील' हे विशेषण तर मला जास्तच बोलकं वाटतं. नुसता लष्करी तळ उभारला असता तर त्याला लष्करी तळ म्हणावं लागलं असतं आणि युद्धाची जबाबदारी घ्यावी लागली असती. 'प्रगती' म्हटलं की प्रश्न विचारणारा माणूस प्रगतीविरोधी ठरतो. शाळा, दवाखाना, रस्ता यांच्या यादीत बंदुकीचा पहारा बेमालूम मिसळून जातो.

आणि 'स्वेच्छा'! या शब्दाचं काय करायचं? जाफांनी आपल्या लेखात एका लष्करी अधिकाऱ्याची हकीगत नोंदवली आहे. गावाचं नाव डार्झो. त्या अधिकाऱ्याने आजवर पाहिलेल्या सुखवस्तू गावांपैकी ते एक होतं. कोठारं भाताने भरलेली. हुकूम असा होता की गाव रिकामं करून माणसांना ह्नाहथियाल इथल्या केंद्रावर न्यायचं. सामान पाठीवर मावेल तेवढंच. माणसं स्वतःच्या घराला हात लावेनात, तेव्हा गाव सैनिकांनी पेटवलं. बंडखोरांच्या हाती लागू नये म्हणून कोठारंही. मग ग्रामपरिषदेच्या वडीलधाऱ्यांना बोलावून दोन कागदांवर सह्या मागितल्या. एका कागदावर लिहिलं होतं की बंडखोरांच्या जाचामुळे आम्ही स्वखुशीने स्थलांतर मागितलं. दुसऱ्यावर, की हे गाव आम्हीच जाळलं. त्यांनी नकार दिला. शेवटी बंदुकीच्या धाकाने सह्या झाल्या.

इथे थांबावंसं वाटतं. गाव जाळणं ही क्रूर गोष्ट आहेच. युद्धात क्रूर गोष्टी होतात, आणि तो अधिकारी स्वतः या प्रसंगाने आतून हलला होता म्हणूनच ही हकीगत आपल्यापर्यंत पोहोचली. माझा मुद्दा सहीचा आहे. सह्या कोणाच्या घेतल्या? ग्रामपरिषदेच्या. सरदारांना बाजूला सारून मताने निवडलेली जी संस्था भारतीय लोकशाहीने या टेकड्यांत रुजवली, तिलाच आपलं गाव आपण जाळलं असं लेखी द्यायला लावलं. देशाशी या गावाचं जे नातं तयार होत होतं, त्याचा हात ही परिषद होती. आपण तोच हात पिरगाळला. राष्ट्रबांधणीच्या नावाने काय मोडलं, तर राष्ट्राने आधी स्वतः बांधलेलंच मोडलं.

आता ही कल्पना आली कुठून? मलायातून. १९५० मध्ये तिथल्या ब्रिटिश सरकारने ब्रिग्ज योजना आणली. साधारण पाच लाख लोक, बहुतेक चिनी वंशाचे, जंगलाच्या कडेवरून उचलून साडेचारशेहून अधिक 'नव्या गावां'त वसवले. कम्युनिस्टांचं अन्न तोडायचं हा हेतू. मलायातला उठाव दबला आणि जगभरच्या लष्करी अभ्यासक्रमांत ही योजना यशाचा नमुना म्हणून जाऊन बसली. अमेरिकेच्या पाठिंब्याने दक्षिण व्हिएतनामने १९६२ मध्ये तिची नक्कल केली. 'स्ट्रॅटेजिक हॅम्लेट' असं नाव होतं. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिएम यांची सत्ता उलथली आणि ती योजनाही कोसळली. म्हणजे १९६७ उजाडेपर्यंत नकलेचं अपयश जगासमोर आलेलं होतं. तरीही आपण नक्कल केली.

नक्कल करताना मूळ नमुनाही नीट वाचला नाही, असं मला वाटतं. मलायात हलवलेल्या चिनी लोकांपैकी पुष्कळजण दुसऱ्याच्या किंवा सरकारच्या जमिनीवर हक्काशिवाय राहणारे होते. नव्या गावात अनेकांना जमिनीचा कागद मिळाला. पुढे नागरिकत्वाचे नियम सैल झाले आणि १९५७ मध्ये देशच स्वतंत्र झाला. तिथेही जबरदस्ती होती, कुंपण होतं, मी त्याची भलामण करत नाही. पण हलवलेल्या माणसाला आधी नव्हतं असं काहीतरी हातात पडत होतं. मिझो माणसाकडे जमीन होती, गाव होतं, मत होतं, नागरिकत्व होतं. त्याला या योजनेने मिळालं काय? होतं ते गेलं आणि बदल्यात रेशन आलं. शिवाय मलायात योजना राबवली ती परक्या वसाहतवादी सत्तेने. आपण ती स्वतःच्या नागरिकांवर राबवली. वसाहतीचं हत्यार उचललं की वापरणारा कोण याने त्याची धार बदलत नाही.

मघाशी झूम शेतीची गोष्ट ध्यानात ठेवायला सांगितली होती, तिच्याकडे येतो. झूममध्ये जंगल तोडण्याचे दिवस असतात साधारण हिवाळ्याचे. जानेवारी-फेब्रुवारीत तोड, मार्चच्या सुमारास जाळणं, मग पेरणी. पहिली फेरी नेमकी याच महिन्यांत झाली. म्हणजे मागच्या पिकाचं धान्य कोठारात आणि पुढच्या पिकाची तयारी सुरू, अशा वेळी माणूस उठवला. एका वर्षाचं धान्य मागे राहिलं किंवा जळलं, आणि दुसऱ्या वर्षाची पेरणी हुकली.

नंतर काय झालं असेल, विचार करा. पाच-सात गावांची माणसं एका केंद्रात. सगळ्यांनी शेती करायची ती केंद्राच्या आसपास, कारण संध्याकाळी फाटक बंद व्हायच्या आत परतायचं. जुनं शेत अर्ध्या दिवसाच्या चालीवर. जवळची जमीन पुरत नाही, मग विश्रांतीची वर्षं कमी होतात, जंगल पुरतं उगवण्याआधीच पुन्हा तोडलं जातं, मातीचा कस उतरतो, पीक घटतं. पीक घटलं की रेशनवर अवलंबून राहावं लागतं, आणि रेशनसाठी रांगेत उभं राहण्यात दिवस जातो. मिझो समाजशास्त्रज्ञ सी. नुनथारा यांनी ग्रुपिंगच्या सामाजिक-आर्थिक परिणामांचा अभ्यास केला आहे. त्यात स्वावलंबी शेतकरी समाज परावलंबी कसा होत गेला ते सविस्तर पाहायला मिळतं. मिझो समाजात 'त्लॉमङाइह्ना' नावाचं एक मूल्य आहे. स्वतःआधी दुसऱ्याचा विचार करणं, न सांगता मदतीला धावणं, असा काहीसा त्याचा अर्थ. ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात आणि प्रत्येकाच्या कोठारात चार पायली भात असतो, तिथे हे मूल्य जगतं. देण्यासारखं काही उरलंच नाही आणि शेजारी कोण हेच माहीत नाही, तिथे ते कसं टिकावं?

आता दुसरी बाजू. ती मांडलीच पाहिजे, नाहीतर ही चिकित्सा एकतर्फी होईल. ग्रुपिंगचे समर्थक दोन गोष्टी सांगतात. पहिली, सुरक्षिततेची. १९६२ चं चीनयुद्ध झालेलं, १९६५ चं पाकिस्तानशी झालेलं, नागा टेकड्या धगधगत होत्या, सीमेपलीकडे पूर्व पाकिस्तानात फ्रंटला आसरा होता, आणि त्या एकाच रस्त्यावर सैन्याच्या ताफ्यांवर घाले पडत होते. अशा वेळी सरकारने काय करायचं होतं? प्रश्न खरा आहे. रस्ता सुरक्षित करणं गरजेचं होतं हे मला मान्य आहे. पण ज्या हेतूने ग्रुपिंग केलं तो साधला का? फ्रंट संपली नाही. तिचा कणा मोडला तो डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तान नाहीसा झाला तेव्हा. त्यानंतरही सशस्त्र लढा चालू राहिला आणि थांबला तो ३० जून १९८६ च्या शांतता कराराने. म्हणजे वाटाघाटींनी. लालडेंगा मुख्यमंत्री झाले आणि २० फेब्रुवारी १९८७ ला मिझोराम पूर्ण राज्य झालं. आज ईशान्य भारतात टिकलेली शांतता म्हणून आपण कशाकडे बोट दाखवतो? त्या कराराकडे. कुंपणांकडे कोणी बोट दाखवत नाही.

समर्थकांची दुसरी गोष्ट विकासाची. ते म्हणतात, आजचा मिझोराम बघा. २०११ च्या जनगणनेत साक्षरता ९१ टक्क्यांवर, आणि निम्म्याहून जास्त, म्हणजे ५२ टक्के, लोक शहरांत राहणारे. आपल्या महाराष्ट्रात त्या वेळी हे प्रमाण ४५ टक्के होतं. माणसं रस्त्यावर आणली म्हणूनच हे झालं ना? यातला साक्षरतेचा भाग आधी बाजूला काढू. मिझो भाषेला रोमन लिपी मिळाली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिशनऱ्यांकडून, आणि गावोगावी शाळा त्याच काळापासून निघत गेल्या. १९६१ मध्येच हा जिल्हा साक्षरतेत देशाच्या सरासरीच्या बराच पुढे होता. ते श्रेय ग्रुपिंगला देता येत नाही. राहिलं शहरीकरण. ते खरंच ग्रुपिंगशी जोडलेलं आहे, अनेक केंद्रं पुढे छोटी शहरं झाली. पण माणसं शहरात आली ती कारखाने, बाजार किंवा रोजगार तिथे होता म्हणून नाही. गाव राहिलं नव्हतं म्हणून आली. शहर वाढलं आणि त्याला पोसणारं उत्पादन वाढलं नाही. पोळी फुगली म्हणून पीठ वाढत नाही, तसं हे आहे.

आणि समजा, वादापुरतं मान्य केलं की शाळा-दवाखाने लवकर पोहोचले. तरी प्रश्न उरतोच. ते पोहोचवायला गाव जाळावं लागतं का? आपल्याकडे ज्या वाडीला रस्ता नाही तिला रस्ता द्या म्हणून आपण मागणी करतो. वाडी पेटवून माणसं तालुक्याच्या गावी आणा, असं कुणी म्हणत नाही. म्हटलं तर आपण खपवून घेऊ का?

हे सगळं थांबलं कसं तेही सांगितलं पाहिजे. सुरुवातीच्या फेऱ्या भारत संरक्षण नियमांच्या आधाराने झाल्या, नंतर आसामच्या सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कायद्याचा आधार घेतला. १९७० मध्ये प्रकरण गौहाटीच्या उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने स्थगिती दिली आणि पुढचं ग्रुपिंग अडलं. आसाम विधानसभेतही आवाज उठत होते. स्टॅन्ले निकोल्स-रॉय आणि हूवर हिन्निएवता हे डोंगरी भागातले आमदार मिझो टेकड्यांत जाऊन आले आणि हवाई हल्ल्याबद्दल सभागृहात बोलले. म्हणजे देशातल्या संस्था अगदीच मुक्या नव्हत्या. आपण मात्र, इकडचे सुशिक्षित लोक, बऱ्यापैकी मुके होतो.

'आपण' म्हटलं ते जाणीवपूर्वक. मार्च १९६६ मध्ये ऐझॉलवर विमानं गेली तेव्हा देशाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते. नोव्हेंबर १९६६ मध्ये ते गृहमंत्री झाले आणि जून १९७० पर्यंत त्या पदावर राहिले. म्हणजे ग्रुपिंगचा जवळजवळ सगळा काळ त्यांच्या गृहमंत्रिपदाचा काळ. हे निर्णय त्यांनी एकट्याने घेतले असं मी म्हणत नाही. त्यात लष्कराचा पूर्व विभाग होता, आसाम सरकार होतं, अख्खं मंत्रिमंडळ होतं. यशवंतरावांबद्दल माझ्या मनात आदर आहे. महाराष्ट्रात सत्तेचं विकेंद्रीकरण, जिल्हा परिषदा, पंचायत राज्य यांची पायाभरणी त्यांच्या काळात झाली. म्हणूनच मला हा विरोधाभास छळतो. इकडे १९६२ मध्ये गावाच्या हाती कारभार देणारी व्यवस्था उभी करणारा नेता, आणि तो गृहमंत्री असताना तिकडे ग्रामपरिषदेची सही बंदुकीच्या धाकाने घेतली जाते. त्यांचं आत्मचरित्र 'कृष्णाकाठ' १९४६ पाशीच थांबतं, त्यामुळे दिल्लीतल्या या वर्षांबद्दल ते तिथे काही सांगत नाहीत. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो. त्याच सह्याद्रीची सावली मिझो टेकड्यांवर कशी पडली, हेही मराठीत कुणीतरी लिहायला हवं. चरित्रग्रंथांची आपल्याकडे वाण नाही, असल्या प्रकरणांची आहे.

शेवटाकडे येतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस पंडित नेहरूंनी वेरिअर एल्विन यांच्या नेफावरील पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. आदिवासींवर बाहेरून काही लादू नये, जमीन आणि जंगलावरचे त्यांचे हक्क जपावेत, त्यांच्या स्वतःच्या संस्थांमधून काम करावं, असा तिचा सूर होता. त्यानंतर दहा वर्षं उलटायच्या आत ग्रुपिंग झालं. तत्त्व कागदावर तसंच होतं, फक्त 'सुरक्षा' हा शब्द उच्चारताच ते लागू होईनासं झालं. माझ्या मते खरी कसोटी इथेच आहे. शांततेत कुठलंही सरकार उदार असू शकतं. बंड झाल्यावर ज्यांनी बंड केलेलं नाही त्यांना आपण काय समजतो, नागरिक की बंडाचं खतपाणी, यावर राष्ट्र ठरतं. ग्रुपिंगने चार-पंचमांश मिझो समाजाला खतपाणी समजलं.

हे जुनं झालं, आता कशाला, असं कुणी म्हणेल. २००५ मध्ये आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये सलवा जुडूमच्या काळात हेच झालं. गावं रिकामी केली, माणसं रस्त्याकडेच्या छावण्यांत आणली, आणि जो आला नाही तो नक्षलवादी ठरला. ५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी करून लढवणं घटनाबाह्य ठरवलं. त्या खटल्यात याचिका करणाऱ्या अभ्यासक नंदिनी सुंदर यांनी त्याच वर्षी मिझो ग्रुपिंगवरही लेख लिहिला, हा योगायोग नाही. बस्तरमध्ये जे दिसलं त्याचं मूळ शोधत गेलं की माणूस मिझो टेकड्यांत पोहोचतो. ज्या चुकीची नोंद आपण ठेवत नाही ती पुन्हा करायला आपण मोकळे असतो.

एक गोष्ट मात्र आशेची आहे. मिझो करारानंतर राज्यघटनेत कलम ३७१ छ आलं. मिझो लोकांच्या चालीरीती, त्यांचा परंपरागत कायदा आणि जमिनीची मालकी व हस्तांतरण या बाबतींत संसदेचा कायदा तिथे आपोआप लागू होत नाही, तिथल्या विधानसभेने ठराव केला तरच होतो. १९६७ मध्ये ज्यांना आपल्या जमिनीवर राहायचं की नाही हे विचारलं नव्हतं, त्यांना १९८६ मध्ये देशाने लिहून दिलं की जमिनीबद्दल आधी तुम्हाला विचारू. राष्ट्रबांधणी मला त्या कलमात दिसते. कुंपणात दिसली नाही.

तेव्हा शीर्षकातल्या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. गाव जाळून माणसं रस्त्यावर आणता येतात, मोजता येतात, त्यांच्या सह्या घेता येतात. त्यांना देशाचं करायचं तर त्यांच्या गावात जाऊन त्यांना विचारावं लागतं, आणि ते नाही म्हणाले तर ऐकूनही घ्यावं लागतं. उशीर झाला, पण अखेर तेच करावं लागलं.